विश्लेषण : चक्रीवादळ विरले, तरी मराठवाड्यात पूर का?

२६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकले आणि जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरला. तरीही पुढील दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. परभणी जिल्ह्यातील पाथरी त्या किनाऱ्यापासून सुमारे ८०० किलोमीटर दूर. मग विरलेले वादळ येथवर पाऊस कसे आणते?

वादळाला बळ कशाचे?

समुद्राचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून गरम असले, की दमट हवा वेगाने वर चढते. यालाच अभिसरण म्हणतात. वर गेल्यावर बाष्पाचे ढग होतात, त्यातून उष्णता बाहेर पडते. ही उष्णता हवेला आणखी वर ढकलते आणि खालचा दाब घटतो.

‘विंड शिअर’ म्हणजे काय?

जमिनीलगतच्या आणि १२ किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांचा वेग व दिशा यांतील फरक. हा फरक मोठा असेल तर ढगांचा मनोरा तिरपा होतो, उष्णता एका जागी साठत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे वाहतात. म्हणून समुद्र गरम असूनही भर पावसाळ्यात चक्रीवादळे क्वचितच होतात. सप्टेंबरअखेर हा फरक कमी होऊ लागतो.

जमिनीवर काय घडले?

समुद्राची वाफ तुटली, घर्षण वाढले, वारे मंदावले. पण भोवरा पूर्ण मोडला नाही. मोसमी पावसाची माघार तेव्हा सुरू झाली नव्हती, त्यामुळे अरबी समुद्रावरील दमट वारे त्याला बाष्प पुरवत राहिले. पुढे हेच अवशेष अरबी समुद्रात उतरले, ‘शाहीन’ नावाने पुन्हा चक्रीवादळ झाले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर धडकले.

पाथरीकरांनी काय पाहावे?

‘चक्रीवादळ’, ‘कमी दाबाचे क्षेत्र’ ही नावे प्रामुख्याने वाऱ्याच्या वेगावरून ठरतात. ताशी ६२ किलोमीटरखाली वेग गेला, की चक्रीवादळ हे नाव जाते, पाऊस जाईलच असे नाही. त्यामुळे ‘वादळ क्षीण झाले’ या बातमीवर विसंबून कापलेले सोयाबीन उघड्यावर ठेवणे धोक्याचे. हवामान विभागाचा जिल्हानिहाय पावसाचा इशारा पाहावा, आणि गोदाकाठच्या गावांनी जायकवाडीतून होणाऱ्या विसर्गावरही लक्ष ठेवावे.