हॉल रिकामा राहिला म्हणजे गिऱ्हाईक संपलं का?

माझ्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच: "सर, धंदा बरा चाललाय, मोठा गाळा घेऊ का?" या वेळी उत्तरासाठी मी एक अमेरिकन रॉक बँड घेतोय, द ब्लॅक कीज. गाणी ऐकली नसतील तरी चालेल, हिशोब कळला म्हणजे झालं.

दोनच माणसं. गिटार आणि गाणं डॅन ऑरबाखचं, ड्रम पॅट्रिक कार्नीचे. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमध्ये २००१ ला सुरुवात, पहिला अल्बम कार्नीच्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केलेला. आपल्या भाषेत घरगुती उद्योगच. कितीतरी वर्षं लहान क्लबांत वाजवलं. मग २०१० चा 'ब्रदर्स' आणि २०११ चा 'एल कॅमिनो' तुफान चालले, ग्रॅमी मिळाले, आणि २०१२ मध्ये ही जोडी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजवत होती.

आता या २०२४ मध्ये. एप्रिलमध्ये 'ओहायो प्लेयर्स' हा नवा अल्बम आला आणि त्याच्या जोडीला मोठमोठ्या अरेनांचा दौरा जाहीर झाला. अरेना म्हणजे साधारण १५-२० हजार खुर्च्या. तिकिटं खपेनात. मे अखेरीस अमेरिकेतला तो दौराच रद्द. मॅनेजरांशीही फारकत.

लोकांनी लगेच निकाल दिला, बँड संपला. मला हे पटत नाही. लोकप्रियता उतरली होती हे खरंच आहे. पण समजा, एका शहरात ६ हजार माणसं पैसे मोजून यायला तयार आहेत. ६ हजारांच्या हॉलमध्ये तो शो हाऊसफुल्ल. १८ हजारांच्या अरेनात तोच शो फ्लॉप. गिऱ्हाईक तेवढंच, फक्त गाळा बदलला.

आणि मोठा गाळा एकटा येत नाही. भाडं, ट्रक, लाइट-साउंडची माणसं, विमा, सगळं अंगावर येतं. ते भरून काढायला तिकीट महाग करावं लागतं, आणि महाग केलं की काठावरचं गिऱ्हाईक गळतं. त्यात ऑनलाइन बुकिंगच्या नकाशावर रिकाम्या खुर्च्या सगळ्या जगाला दिसतात. माणूस म्हणतो, घाई काय, शेवटच्या आठवड्यात स्वस्त होतील. दुकानात येऊन 'सेल कधी लागणार?' विचारून जाणारे आठवा.

माझ्या मते घोळ इथे आहे: ऐकणारे किती आणि विकत घेणारे किती, हे दोन आकडे वेगळे असतात. या बँडची गाणी स्ट्रीमिंगवर आजही लाखो लोक ऐकतात. ऐकायला बोटाचा एक टॅप पुरतो. शोला जायचं तर तिकीट, पार्किंग, अख्खी संध्याकाळ. शिवाय २०१२ ला पंचविशीत असलेला चाहता २०२४ ला सदतिशीत होता, त्याला आधी मुलांकडे बघायला कुणीतरी शोधावं लागत होतं!

तुम्ही म्हणाल, कोल्डप्लेही जुनाच, मग जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत तीन शो कसे भरले? अहो, ते २०१६ नंतर थेट तेव्हा आले. ब्लॅक कीज तर २०२२ मध्येच अमेरिकाभर वाजवून गेले होते.

मॅनेजर बदलणं मला अर्धंच उत्तर वाटतं, कारण शेवटी सही मालकाची असते. पण एक गोष्ट त्यांनी भारी केली. रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवत बसले नाहीत. जवळून अनुभव घेता येईल अशा कार्यक्रमांच्या नव्या तारखा देऊ म्हणाले, आणि २०२५ मध्ये नवा अल्बम घेऊन पुन्हा दौऱ्यावर निघाले. आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' म्हणून न परवडणाऱ्या गाळ्याचं तीन-तीन वर्षं भाडं भरणारे मी पाहिलेत.

तर टोकन द्यायच्या आधी एवढं करा. गेल्या तीन महिन्यांची बिलं काढा. फॉलोअर आणि व्ह्यूज बाजूला ठेवा, दोनदा खरेदी केलेली गिऱ्हाइकं मोजा. नव्या गाळ्याचं महिन्याचं भाडं त्या संख्येनं भागा. जो आकडा येईल तो कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातलीच दोन-तीन दुकानं घेऊ.