घंटावाले मास्तर

परवा आमचे चिरंजीव अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहत बसले होते. मी म्हटले, "अरे, चेंडू तर बहुतेक वेळ हातातच आहे! मग याला फुटबॉल कशाला म्हणायचे?" चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. तुम्हांला नाही कळायचे."

खेळ नाही कळला हे खरे. पण त्या निमित्ताने वाचता वाचता त्यातला एक मास्तर सापडला, आणि तो मात्र चांगलाच कळला.

त्याचे नाव एडी रॉबिन्सन. जन्म 1919 चा, लुइझियानातला. बाप दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारा, आई लोकांकडे घरकाम करणारी. 1941 साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ग्रॅम्ब्लिंग गावच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात तो फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक झाला. मुख्य म्हणजे काय, तर मैदानावरचे गवत कापायचे त्यानेच, रेघा मारायच्या त्यानेच, आणि सामन्याची हकीकत वर्तमानपत्रासाठी लिहायचीही त्यानेच! दुसऱ्याच वर्षी त्याच्या संघाने सगळे सामने जिंकले आणि समोरच्यांना एकही गुण मिळू दिला नाही.

त्या काळी दक्षिणेत गोऱ्यांच्या खानावळीत काळ्यांना मज्जाव. म्हणून परगावी जाताना पोरांसाठी सँडविच बांधून न्यायची. सकाळी हा गृहस्थ गाईच्या गळ्यातली घंटा वाजवीत वसतिगृहातून फिरे. खेळायला उठवण्यासाठी नव्हे हो, वर्गाला पाठवण्यासाठी!

त्याचा टँक यंगर 1949 साली व्यावसायिक संघात गेला. अशा कॉलेजातून एनएफएलमध्ये पोचलेला तो पहिला. पुढे दोनशेंहून अधिक गेले. 1988 साली डग विल्यम्सने तर सुपर बोल जिंकून दिला. मास्तरांच्या खात्यावर 408 विजय, 165 पराभव, 15 बरोबरी. कॉलेज एकच, बायकोही एकच!

पण 1995 आणि 1996 हे मोसम हरण्यात गेले. ज्यांनी डोक्यावर घेतले त्यांच्यातलेच काही आता 'पुरे' म्हणू लागले. अखेरचा म्हणून 1997 चा मोसम मिळाला, तोही हरला. 2007 साली मास्तर गेले.

वाचकहो, इथे मी जरा थबकलो. आमच्या धंद्यात हारजीत फलकावर लागत नाही. त्यामुळे आम्हांला 'पुरे' म्हणायला कोणी येत नाही, आणि आपण कुठे हरलो तेही कळत नाही. माझ्या वर्गातला सत्तेचाळीस नंबर दोन महिने येत नाही. मी रोज इमानेइतबारे 'गैरहजर' लिहितो आणि पुढचा नंबर पुकारतो. त्याचे नावही मला आठवेना!

सौ.ला हे सांगितले. म्हणालो, "सुट्टी संपली की त्याचा पत्ता काढून घरी जाऊन येतो."

ती फराळाचे ताट पुसत म्हणाली, "सुट्टी कशाला संपायला हवी? उद्याच जा. आणि रिकाम्या हातांनी नको, करंज्या न्या. घंटा नाहीये आपल्याकडे."