पिल्लाची आई कुठे आहे?

माझ्या एका मैत्रिणीने नुकताच स्वतःचा फ्लॅट घेतलाय. ईएमआय सुरू झाला, पडदे लागले, आणि मग मॅडमनी जाहीर केलं, "आता लॅब हवाच!" पुढच्या दहा मिनिटांत तिच्या मोबाइलवर फोटो हजर. गोल गरगरीत पिल्लू, बटणासारखे डोळे. खाली मजकूर: '३५ दिवसांचं, पेपर्ससह एक रेट, पेपर्सशिवाय कमी, डिलिव्हरी फ्री.' पेपर्स म्हणजे जणू पिझ्झावरचं एक्स्ट्रा चीज!

मी तिच्याकडून फोन घेतला आणि त्या माणसाला विचारलं, "पिल्लाची आई बघायला मिळेल?"

"आई ना? ती फार्मवर आहे, लांब आहे. तुम्ही कशाला त्रास घेता? कात्रजला पुलाखाली या, मी आणून देतो."

मी फोन ठेवला. मैत्रीण वैतागली. "तुला पिल्लू बघायचंय की त्याचं खानदान?"

खानदानच. कारण सहा वर्षांपूर्वी मी ते बघितलं नव्हतं.

पहिली नोकरी, पहिला बोनस. एका मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडली गेली. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच पिल्लं होती. त्यातलं एक मी उचललं आणि नाव ठेवलं बिस्किट. पाचव्या दिवशी त्याने खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताची जुलाब. डॉक्टरांनी एका शब्दात सांगितलं, पार्व्हो. सलाइन लावलं, रात्री जागवल्या. नवव्या दिवशी बिस्किट गेलं. "हा विषाणू शरीरात शिरला की लक्षणं दिसायला काही दिवस जातात," डॉक्टर म्हणाले, "बहुतेक तिथूनच घेऊन आलं असणार." विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झाला होता.

बरेच दिवस मी त्या माणसाला शिव्या घातल्या. मग एक दिवस आठवलं, मी त्याला फक्त एकच प्रश्न विचारला होता: "फायनल किती?"

कबूल करा, आपण सगळेच असं करतो. मोबाइल घेताना रॅम विचारतो, फ्लॅट घेताना सातबारा बघतो. बारा-पंधरा वर्षांची सोबत मात्र पार्किंगमध्ये ठरवतो. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग गाजला आणि जो तो पग मागत सुटला. चपट्या नाकामुळे त्याला श्वास घेताना किती त्रास होतो, आपल्या उन्हात तो किती धापा टाकतो, हे विचारलं कुणी? आपण 'किती गोड घोरतो' म्हणत राहिलो.

नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारचे २०१७ चे नियम सांगतात, ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मादी दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, लागोपाठ दोन हंगामांत नाहीत, आणि आयुष्यभरात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. म्हणजे '३५ दिवसांचं' ही जाहिरातच नियम मोडल्याची कबुली आहे! आणि त्या आठ आठवड्यांना अर्थ आहे. चावताना किती जोर लावायचा, हे पिल्लू आई-भावंडांशी खेळतानाच शिकतं.

आणि ते पेपर्स? ते वंशावळ सांगतात, तब्येत नाही. लॅबमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात येऊ शकतो. वरून धडधाकट दिसणारे आई-बापही तो पुढे देऊ शकतात. म्हणून चांगला ब्रीडर आधी त्यांचे एक्स-रे काढतो.

असा ब्रीडर सापडतो? सापडला. शहराबाहेर एका बैठ्या घरात एक काका-काकू राहतात. पिल्लांची आई स्वतःच दारात आली, आम्हाला हुंगलं आणि माझ्या मैत्रिणीच्या कुर्त्यावर पंजे उमटवून गेली. काकूंनी एक्स-रे दाखवले, मग उलट आमचीच मुलाखत घेतली. दिवसभर घरी कोण असतं? सोसायटीची काही तक्रार? परदेशी जायचा विचार? "नाही जमलं तर रस्त्यावर सोडू नका, आमच्याकडे परत आणा," असंही बजावलं. या वेळची सगळी पिल्लं आधीच ठरलेली होती. पुढचं वेत कधी? "हिला आता विश्रांती. पुढच्या वर्षी फोन करा."

किंमतही जास्त होती. परतताना मैत्रीण गप्प होती. मी म्हटलं, इतकं थांबायचं नसेल तर शेल्टरमध्ये चल. तिथली देशी पिल्लं आजही घराची वाट बघतायत, आणि त्यांना आपल्या हवेसाठी एसी लागत नाही. तिने अजून ठरवलेलं नाही. पण काकूंच्या प्रश्नांची उत्तरं मात्र ती स्वतःलाच द्यायला लागलीय. काल विचारत होती, "नऊ तास घर बंद असतं गं, कसं करायचं?"

दरम्यान, त्या पुलाखालच्या माणसाचा आज पुन्हा मेसेज आला. तोच फोटो, पन्नास टक्के सूट. खाली दोनच शब्द: 'लास्ट पीस.'