कोचीतील रिकामे थडगे

फोर्ट कोचीतील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पाऊल टाकले की मार्गदर्शक प्रवाशांचा घोळका घेऊन थेट वास्को द गामाच्या थडग्याशी जाऊन उभा राहतो. गामा १५२४ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, याच शहरात वारला व येथे पुरला गेला, हे खरे. परंतु १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. म्हणजे आपण एवढ्या भक्तिभावाने पाहतो ती रिकामी जागा! आम्ही गेलो त्या दिवशी तेथे एका शाळेची सहल आली होती. ‘भारताचा शोध लावणारा’ हे शब्द मुलांनी वहीत उतरवून घेतले. १५०२ साली याच शोधकाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले, हे मात्र कोणाच्याच वहीत गेले नाही.

वस्तुतः मलबारच्या मिऱ्यासाठी अरबांची व चिन्यांची जहाजे गामाच्या शतकानुशतके आधीपासून या किनाऱ्यावर येत होती. कालिकतच्या सामुतिरीशी वैर असलेल्या कोचीच्या राजाने पोर्तुगीजांना आसरा दिला, तो आपला हिशेब पाहून. पुढे १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. चर्च तेच राहिले. पंथ तेवढे बदलत गेले. मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला, डचांनी त्याची डागडुजी केली, आणि लोक त्याला आजही ‘डच राजवाडा’ म्हणतात. नाव दुरुस्त करणाऱ्याचे राहिले, हेही एक नवलच.

राजवाड्याला लागूनच १५६८ चे परदेशी सिनेगॉग आहे. राजाने ज्यूंना आपल्या वाड्याशेजारी जागा दिली, ही गोष्ट अभिमानाची खरीच. तथापि पर्यटन खात्याची पत्रके रंगवतात तसा सारा आनंदीआनंद तेथे नव्हता. गुलामांच्या वंशजांना त्या प्रार्थनागृहात बरोबरीचे स्थान नव्हते; त्यासाठी ए. बी. सेलम या त्यांच्यातल्याच वकिलाला विसाव्या शतकात सत्याग्रहाचा मार्ग धरावा लागला. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुतेक ज्यू तिकडे निघून गेले. आता गल्लीला त्यांचे नाव आहे, आणि दुतर्फा जुन्या वस्तूंची दुकाने.

परंतु मराठी प्रवाशाला कोचीत जे अवश्य सांगितले पाहिजे, ते कोणीच सांगत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे गोव्यातून परागंदा झालेली गौड सारस्वत कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य त्याच्या साहाय्यकांत होते. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला निघालेल्या पहिल्या खंडात त्यांची कोकणी साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे. त्याच खंडात इट्टी अच्युतन या एळवा जातीच्या वैद्याचीही साक्ष आहे. ज्याची सावलीही त्या काळी विटाळ मानली जाई, त्याचे ज्ञान तेथे ब्राह्मणांच्या ज्ञानाच्या पंक्तीला बसले. हा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत यायला मात्र २००३ साल उजाडावे लागले, तेही के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली म्हणून.

आपल्याकडील शाळांच्या सहली दक्षिणेत जातात. शिक्षकांनी निघण्यापूर्वी त्या नागरी पानाची एक प्रत वर्गात फिरवली, तर फारसा खर्च येणार नाही. मग मुलांना थडगे जरूर दाखवावे. पण पुढे चेरलाईतील तिरुमल देवस्थानाच्या परिसरातही न्यावे. तेथील माणसांच्या तोंडी आजही कोकणी आहे. आमच्या मार्गदर्शकाला आम्ही तिकडचा रस्ता विचारला, तेव्हा तिथे पाहण्यासारखे काही नाही, असे त्याने मोठ्या सौजन्याने सांगितले.