खालची कवळी हलते? आधी दोन इम्प्लांटचं विचारा

हिंजवडी, माण, मारुंजी भागात नोकरी करणाऱ्या मुलांकडे गावाहून आलेले आई-वडील दवाखान्यात येतात, तेव्हा तक्रार बहुधा ठरलेली असते. वरची कवळी नीट बसते, खालची टिकत नाही. बोलताना उचलली जाते, खाताना सरकते, हिरडी सोलते. मग कवळी डबीत आणि भाकरी दुधात. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." मला हे पटत नाही.

वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो. खाली मधोमध जीभ, तीही सतत हलणारी. शिवाय दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतं आणि खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. म्हणून चांगली केलेली कवळीही काही वर्षांत सैल होते.

खालच्या जबड्यात, साधारण सुळ्यांच्या जागी, टायटॅनियमचे दोन इम्प्लांट बसवता येतात. ते हाडात पक्के व्हायला दोन-तीन महिने लागतात. मग कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी बसते. रात्री काढायची, धुवायची. सध्याची कवळी चांगली असेल तर अनेकदा तीच वापरता येते.

हे काही नवं खूळ नाही. खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय असावा, असं मत कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच मांडलं होतं. तरीही रुग्णापुढे बहुधा दोनच टोकं ठेवली जातात: साधी कवळी, नाहीतर चार-सहा इम्प्लांटवरचे फिक्स दात. फिक्स दात वाईट नाहीत. पण हात थरथरणाऱ्या आजोबांना त्यांच्या खालची सफाई रोज जमेल का? खर्चाचं तर बोलायलाच नको. म्हणून आधी विचारा, "डॉक्टर, दोनवर भागेल का?" वरची कवळी घट्ट असेल तर तिला हातही लावू नका.

मधुमेह आटोक्यात हवा. तंबाखू आणि मिश्री बंद. "फक्त सकाळी एकदाच लावते" हेही चालणार नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

आणखी एक. टिचबटणातल्या रिंगा झिजतात, अधूनमधून बदलाव्या लागतात. आई-बाबा गावी परतणार असतील तर इम्प्लांटच्या कंपनीचं नाव आणि माप लिहिलेलं कार्ड मागून घ्या. तिथल्या डॉक्टरांना त्याशिवाय नेमकी रिंग मागवता येणार नाही.