काटकसर करायची, पण कुणाच्या ताटातली?



जयंतीची धामधूम आटोपली, मुलांच्या परीक्षा संपल्या आणि जूनचे खर्च समोर दिसू लागले, की पुष्कळ घरांतून एकच वाक्य ऐकू येते, "यंदा जरा हात आखडता घ्यायचा." कुणाला डोक्यावरचे कर्ज फेडायचे असते, कुणाची मुलगी नर्सिंगला जायची असते, कुणाच्या कंत्राटी नोकरीची मुदत भरत आलेली असते. निश्चय चांगलाच असतो. परंतु जुलैत पाहुणे येतात, ऑगस्टमध्ये कुणीतरी तापाने फणफणते, आणि दसऱ्यापर्यंत तो निश्चय कुठे गेला ते कुणालाच आठवत नाही.

याचे कारण असे, की काटकसरीचे वर्ष आपण नुसते जाहीर करतो, त्याची तयारी करीत नाही. शिवाय हात नेमका कुणी आखडता घ्यायचा हेही ठरवत नाही. ते ठरले नाही म्हणजे तो घरातील बाईच आखडते. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या पातळ कालवणावर ती भाकरी खाते. अंडी आणली तर मुलांना आणि त्यांच्या वडिलांना. कंबर दुखते, चक्कर येते, पण दवाखान्याचे "पुढच्या पगाराला पाहू." ही बचत कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. दोन-तीन वर्षांनी ती दवाखान्याच्या बिलात मात्र लिहिली जाते! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. अशा शरीरातून आणखी बचत कशी काढणार?

म्हणून काटकसरीचे वर्ष १ जूनला सुरू करायचे असेल, तर मे महिना तयारीसाठी राखून ठेवा. त्या महिन्यात काय काय करावे, ते क्रमाने पाहू.

आधी नुसते लिहा

पहिले पंधरा दिवस काहीही कमी करू नका. शंभर पानी वही घ्या आणि घरातून गेलेला प्रत्येक रुपया लिहा. ज्याने खर्च केला त्यानेच तो सांगावा. चहा, पुडी, रिक्षा, मोबाईलचा रिचार्ज, मुलांच्या हातावर ठेवलेले दहा रुपये, सारे काही. कुणाला बोलू नका, टोमणा मारू नका. रागावल्याने माणूस खर्च थांबवत नाही, लपवायला मात्र शिकतो.

दुसऱ्या पानावर वर्षाचे बारा महिने मांडा आणि ठाऊक असलेले मोठे खर्च त्या त्या महिन्यापुढे लिहा. जूनमध्ये वह्या, गणवेश, छत्री आणि छपरावरची ताडपत्री. ऑक्टोबरात दीक्षाभूमीला जायचे असेल तर प्रवास. ६ डिसेंबरला चैत्यभूमीचा प्रवास आणि तेथे घ्यायची पुस्तके. एप्रिलमध्ये जयंतीची वर्गणी आणि मुलांचे कपडे. मे महिन्यात नात्यातील लग्ने. हे खर्च दरवर्षी येतात, तरी दरवर्षी आपण दचकतो आणि उसने मागायला निघतो. समजा, यांची बेरीज १८,००० रुपये झाली. म्हणजे महिन्याला १,५०० रुपये वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात पडले पाहिजेत. हे पैसे बाजूला काढण्यापूर्वी महिन्याचा खर्च सुरूच करू नये.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा, असा तो उपदेश आहे. हातावर पोट असलेल्या घराला चौथा हिस्सा राखणे अवघडच. पण अडचणीचा भाग आधी बाजूला काढण्याची शिस्त शंभर रुपयांतही पाळता येते. त्याच सुत्तात धन गळून जाण्याच्या वाटाही सांगितल्या आहेत. दारू आणि जुगार त्यांत आहेतच. मोबाईलवर पैसे लावून खेळतात तोही जुगारच होय.

तीन रकाने

आता वहीत तीन रकाने पाडा. पहिला, ज्याला हात लावायचा नाही असा. दुसरा, जो कमी होऊ शकतो असा. तिसरा, वर्षभर बंद असा.

पहिल्या रकान्यात मुलामुलींचे शिक्षण, चालू असलेली औषधे, आणि डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी, हिरवी भाजी लिहा. मुलीची शिकवणी बंद आणि मुलाची चालू, असा प्रकार या रकान्यात चालणार नाही. अंडी किंवा मटण परवडत नसेल तेव्हा सुकट-बोंबील, मोड आलेली मटकी, फुटाणे-गूळ, शेवग्याचा पाला हे आपल्या ओळखीचे पदार्थ आहेत. जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, म्हणजे पालेभाजीतील लोह अंगी लागते. याला खर्च काहीच नाही. आणखी एक गोष्ट याच रकान्यात लिहा, "आईने सर्वांबरोबर बसून जेवायचे." सर्वांबरोबर जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय आहे, ते सर्वांना दिसते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात काय जाईल, ते प्रत्येक घराने आपापले ठरवावे. त्यासाठी एक हिशेब करून दाखवते. आकडे उदाहरणादाखल आहेत.

पाच माणसांचे घर, दोघांची मिळून मिळकत महिना २०,००० रुपये. आजारपणात ६०,००० रुपये शेकडा ३ रुपये महिना व्याजाने घेतलेले. दरमहा १,८०० रुपये व्याज जाते, वर्षाला २१,६००, आणि मुद्दल जसेच्या तसे उभे! आता याच घराने १,८०० ऐवजी दरमहा ६,००० रुपये भरले, तर पहिल्याच महिन्यात मुद्दल ४,२०० रुपयांनी खाली येते. दुसऱ्या महिन्याचे व्याज तेवढे कमी लागते. असे करता करता बाराव्या हप्त्यानंतर चारेकशे रुपयेच उरतात. साऱ्या वर्षात व्याज गेले ते सुमारे १२,४०० रुपये, आणि कर्ज फिटले.

मग हे वाढीव ४,२०० रुपये आणायचे कुठून? तंबाखू-सुपारी रोज ३० रुपये, महिना ९००. कामाच्या ठिकाणी चहा-वडापाव रोज ४० रुपये, २६ दिवसांचे १,०४०. घरून डबा आणि बाटलीत चहा नेला की हे वाचले. चार मोबाईलपैकी दोनच भरले तर सुमारे ६००. (२८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो, हेही ध्यानात घ्या.) जवळच्या कामाला दुचाकी न काढता ५००. गॅस-विजेत ३००. झाले ३,३४०. उरलेले ८६० आहेर, वाढदिवस आणि नव्या कपड्यांतून. पाहा, यात डाळीला, दुधाला, फीला कुठेच हात लागला नाही.

कर्जाबाबत दोन गोष्टी सांगते. मुद्दल हप्त्याने घ्यायचे धनकोकडून आधी कबूल करून घ्या आणि प्रत्येक भरण्याची पावती किंवा सही घ्या. दुसरे, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज देताना परवानाधारक सावकारालाही वर्षाला १८ टक्क्यांहून, म्हणजे शेकडा दीड रुपया महिन्याहून, अधिक व्याज घेता येत नाही. कुणी दमदाटी करीत असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात लेखी तक्रार करता येते. बचत गटातून कमी व्याजाने रक्कम मिळत असेल तर ती घेऊन जुने कर्ज फेडावे. मात्र ती टीव्ही घेण्याकडे वळवू नये.

धान्य, गॅस, वीज

आपल्या आया-आज्यांची वर्षाची बेगमी उन्हाळ्यातच होत असे. नवी ज्वारी, गहू, तूर या दिवसांत बाजारात असते आणि ऊन फुकट असते. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून, धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या डब्यात भरा. मिरची आता घेऊन वर्षाचे तिखट करा. कुरडया, सांडगे, पापड शेजारणींनी मिळून घातले तर मजुरी वाचते. श्रावणात भाजी कडाडली की सांडग्यांचे कालवण कामी येते. परंतु घर ओल धरणारे असेल तर दोन-तीन महिन्यांपुरतेच भरा, आणि उचल घेऊन तर धान्य मुळीच भरू नका. व्याजात सारा फायदा जातो.

रेशनचे धान्य सोडू नका. जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दरमहा मोफत मिळते. पाच माणसांना महिन्याला २५ किलो, वर्षाला ३०० किलो होते. नव्या सुनेचे किंवा बाळाचे नाव कार्डावर नसेल तर ते याच महिन्यात घालून घ्या.

डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकरला लावा आणि शिटी झाली की आच बारीक करा. विजेचे म्हणाल तर १,००० वॉट एक तास म्हणजे एक युनिट. साधा ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट होतात. घरगुती वापरात १०० युनिटपर्यंत दर कमी आणि त्यापुढच्या युनिटांना तो जास्त असतो. आपले बिल १०० च्या जरासेच वर जात असेल, तर रिकाम्या खोलीतला पंखा बंद करण्याने फरक पडतो. मात्र वीज वाचते म्हणून चालता पंखा काढून नवा महागडा पंखा यंदा घेऊ नका.

हक्काचे पैसे

मिळण्यासारखे पैसे न मिळवणे हाही एक खर्चच आहे. अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या मुलांची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरावी लागते, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. दोन्हींसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले खाते, ही तयारी मे महिन्यातच करा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि फेऱ्यांत मजुरी बुडते.

बँकेतील पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मे अखेरीस कापले जातात. दोन्ही मिळून ४५६ रुपये. त्या वेळी खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो. कमावत्या माणसाचे बरेवाईट झाले तर पहिल्यात २ लाख रुपये मिळतात, अपघाती मृत्यूत दुसऱ्याचेही २ लाख. काटकसर म्हणून हे ४५६ रुपये वाचवू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या भागातील कोणते रुग्णालय आहे, तेही आजच विचारून वहीत लिहून ठेवा.

घरची बैठक

मे महिन्याच्या शेवटी सर्वांनी एकत्र बसावे. शाळकरी मुलांनाही बसवा. कर्ज किती, मिळकत किती, वर्षाने काय साधायचे आहे, हे त्यांना सरळ सांगा. मुलांना कारण कळले की ती हट्ट करीत नाहीत, उलट मोठ्यांना आठवण करून देतात. प्रत्येकाने आपण स्वतः काय सोडणार ते आपल्या तोंडाने सांगावे. दुसऱ्याने काय सोडावे हे सांगण्याची परवानगी या बैठकीत कुणालाच नको.

नातेवाइकांनाही आधी कळवा. "यंदा आम्ही आहेर करणार नाही, एक पुस्तक देऊ," हे सांगायला लाज कशाची? ऋण काढून सण करण्यात आपल्या कित्येक घरांची दोन-दोन वर्षे गेली आहेत. लग्नात डीजे वाजतो एक रात्र, हप्ता वाजतो चोवीस महिने.

याच महिन्यात २७ मे येतो, रमाईंचा स्मृतिदिन. १९३५ साली दीर्घ आजारानंतर त्या गेल्या तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ होते. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले होते. त्यांच्या कष्टांपुढे आपण नतमस्तक होतो. पण त्या कष्टांचा दाखला देऊन आपल्या घरातील बाईला उपाशी राहायला शिकवणे, हा रमाईंचा आदर नव्हे. ज्या घरात आज दोघे मिळवतात, त्या घरात काटकसरही दोघांनी करावी. वही आळीपाळीने दोघांनी लिहावी. एक महिना पुरुषाने बाजारहाट करून पाहावी, म्हणजे तेलाचा भाव कळतो.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वही काढून अर्धा तास बसा. हिशेब चुकला असेल तर पुढच्या महिन्यापासून सुधारा, वर्ष मोडीत काढू नका. सहा महिने पुरे झाले की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घरातील बायका-मुलींचे रक्त तपासून घ्या आणि तो आकडा वहीत बचतीच्या आकड्याशेजारी लिहा. बचत वाढली आणि रक्त घटले असेल, तर पहिल्या रकान्यात कुठेतरी हात लागला आहे असे समजा, आणि तो आधी काढा.

जयभीम!