जॅझ गिटार आणि उजवा हात : प्रश्न ताकदीचा नाहीच

चाळिशी-पन्नाशीत गिटार शिकायला सुरुवात करणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यातले काही जण हात दुखतो म्हणून दवाखान्यात येतात. जॅझच्या कॉर्ड्स पिक न घेता बोटांनी वाजवणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "डॉक्टर, उजव्या हाताच्या बोटांत ताकद कमी पडते, कोणता व्यायाम करू?" माझे मत असे की, हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो.

आधी हे वादन काय आहे ते समजून घेऊ. जॅझमधल्या कॉर्डचे सूर पुष्कळदा शेजारशेजारच्या तारांवर नसतात. साधा जी-सेव्हन घ्या. सहावी, चौथी आणि तिसरी तार वाजवायची, मधली पाचवी गप्प ठेवायची. पिकने वाजवताना मधली तार डाव्या हाताने दाबून मुकी करावी लागते. बोटांनी मात्र अंगठा सहाव्या तारेवर, तर्जनी चौथीवर, मधले बोट तिसरीवर ठेवून तिन्ही सूर पियानोसारखे एकदम उचलता येतात. जो पास एकट्याच्या गिटारवर बेस, कॉर्ड आणि चाल असे सगळे उभे करायचा ते याच पद्धतीच्या जोरावर. उलट वेस माँटगोमेरी केवळ अंगठ्याने वाजवायचा. म्हणजे 'योग्य हात' असा एकच नसतो, हे आधी मनाशी पक्के करा.

आता शरीराकडे येऊ. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या भागात असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून तळहातात जातात. मनगट वाकवून जोर लावला की या बोगद्यातला दाब वाढतो. 

सगळ्यांना छळणारी अनामिका तर वेगळेच प्रकरण आहे. पंजा टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट आत दुमडा आणि आता अनामिका उचलून पाहा. जवळजवळ हलत नाही ना? तर्जनीला आणि करंगळीला सरळ करणारा स्वतःचा जादा स्नायू असतो, अनामिकेला नसतो. शिवाय हाताच्या मागच्या बाजूला तिची कंडरा शेजारणींशी बांधलेली असते. ही दुर्बलता नाही, रचना आहे, आणि ती तुम्हाआम्हाला आहे तशीच मोठ्या वादकांनाही असते.

म्हणूनच बाजारात मिळणारी स्प्रिंगची 'फिंगर एक्सरसायझर' खेळणी मला पटत नाहीत. ती घट्ट पकडायला शिकवतात. गिटारला हवे असते नेमके उलटे : एक बोट हलावे आणि बाकीची निवांत राहावीत. हे काम मेंदूचे आहे, स्नायूंच्या जाडीचे नाही. संगीतकार रॉबर्ट शूमानने बोटे मोकळी करण्यासाठी एक यंत्र वापरले होते. त्याचा उजवा हात पुढे बिघडला आणि पियानोवादक होण्याचे स्वप्न सुटले. बिघाडाचे नेमके कारण काय यावर अभ्यासकांत आजही वाद आहे, पण यंत्राने फायदा झाला असे मात्र कोणी म्हणत नाही.

एक गोष्ट तर हमखास आढळते. इलेक्ट्रिक गिटार घेतलेली असते, पण घरच्यांना त्रास नको म्हणून अँप न लावताच सराव चालतो. मग आवाज येत नाही म्हणून तारा ओरबाडल्या जातात. अहो, आवाज देणे हे अँपचे काम आहे! हेडफोन लावा, आवाज थोडा वाढवा आणि बोटे निम्म्या जोराने चालवा. निम्मी दुखणी इथेच थांबतील असे माझे मत आहे.

बाकी सराव करताना बोटे आधी तारांवर अलगद टेकवा, मग तळहाताकडे छोटी हालचाल करून एकदम उचला. हालचाल मुख्यतः मोठ्या पेरातून, म्हणजे बोट पंजाला जिथे जोडले जाते तिथून व्हावी. त्यानंतरचा सैलपणा महत्त्वाचा आहे. बोट आपोआप जागेवर येऊ द्या. मनगट जवळपास सरळ, खांदा खाली. गिटारची कड हाताला रुतत असेल तर मध्ये सुती रुमाल ठेवा, त्यात कमीपणा नाही. सलग तासभर बसण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे वाजवून थांबा, पुन्हा बसा. आपल्याकडे रियाजात दुखणे सोसण्याला फार मान आहे. थकवा ठीक, पण दुखणे म्हणजे प्रगती नव्हे.

काही लक्षणे अंगावर काढू नका. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री मुंग्या येणे हे मनगटातली नस दबल्याचे लक्षण असू शकते. करंगळीच्या बाजूला मुंग्या येत असतील तर कोपराकडे पाहावे लागते. तिसरे लक्षण फसवे आहे, कारण त्यात दुखत नाही. बोट फक्त वाजवताना आपोआप आत वळते किंवा ताठ होते, एरवी चहाचा कप, पेन, सगळे व्यवस्थित. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात आणि गिटारवादकांत तो बहुधा उजव्या हातातच दिसतो. पियानोवादक लिऑन फ्लायशर याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे 1960च्या दशकात अशीच वळू लागली आणि अनेक वर्षे तो डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत राहिला. पुढे बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांसह उपचार घेऊन तो दोन्ही हातांनी वाजवू लागला. इथे 'आणखी सराव' हे औषध नाही, त्याने दुखणे वाढू शकते.

आणि माझ्या व्यवसायबंधूंबद्दलही बोलायला हवे. "गिटार बंद करा" हा सल्ला द्यायला अर्धे मिनिट लागते. सूज असेल तर काही आठवडे विश्रांती द्यावीच, पण पन्नाशीत कोणी नवे काही शिकत असेल तर ते कायमचे काढून घेण्याआधी तो माणूस कसा वाजवतो हे निदान एकदा पाहिले पाहिजे. वाजवल्याशिवाय डिस्टोनिया तर दिसतच नाही. तेव्हा हाडांच्या किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाताना गिटार बरोबर न्या. नेणे अवघड असेल तर उजवा हात नीट दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या.